शिकारखान्याच्या गाडीचा पत्रा

आमच्या दारात सहा महिने एक गाडी उभी होती आणि माझं पुढचं सगळं तिच्यात अडकलं होतं. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी सकाळी उठून आधी तिच्याकडे पाहत असे आणि मग देवाकडे.

मध्यभारत होतं तेव्हाची गोष्ट. इंदूर संस्थान विलीन झालं, राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं वर्ष इंदूरला नांदू लागली, आणि महाराजांच्या मोटारखान्यातल्या गाड्या लिलावात निघाल्या. त्यातलीच ही एक. मोटारीच्या मागे जोडून न्यायची, दोन चाकांची, आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंच. महाराज शिकारीला निघाले की ती बरोबर जायची; आत पलंग, आरसा, तोंड धुवायची सोय. शिकारी संपल्या आणि ती एका शेडमध्ये पडून राहिली. तिच्या लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास आणि पातळ फळ्या होत्या. त्यांची उंदरांनी आणि वाळवीने वाटणी करून घेतली.

एका दवाखान्याच्या ट्रस्टने ती लिलावात घेतली. तिच्यात बाळंतपणाची खोली करायची, जीपला जोडायची आणि सांवेरकडच्या खेड्यांतून फिरवायची असा बेत होता. आज त्या रस्त्याला कारखान्यांची रांग आहे. तेव्हा शेतं होती आणि पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा रुतायची. पोट दुखायला लागल्यावर बाईला शहरात आणायची म्हणजे वाटेतच निकाल. त्या गाडीवर एक नर्स लागणार होती. ती जागा मला मिळाली होती, पण गाडी तयार झाली तरच. शहरातल्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या.

आमच्या घरात माझं नर्स होणं कुणाला पसंत नव्हतं असं म्हणणार नाही. आईला होतं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नव्हतं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांच्या दोन तलवारी भिंतीवर होत्या, आणि त्या तलवारींच्या खाली बसून दादा म्हणत, "सुईणपण करायला सुईणी आहेत." मी शिक्षण पुरं करून आले तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही कमी नव्हते. मी दहा दिवस बोलले नाही.

गंमत अशी की ती गाडी दुरुस्त करू शकणारा माणूस इंदुरात एकच होता, आणि तो म्हणजे दादा. मोटारखान्यात ते बॉडी फोरमन होते. दुरुस्त होऊन आलेली गाडी ते स्वतः दहा-बारा मैल फिरवून आणत, आणि मन भरलं तरच मडगार्डवर खडूने 'पास' लिहीत. त्यांनी लिहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. विलीनीकरणानंतर त्यांना पेन्शन मिळाली आणि खडू तसाच खिशात राहिला. ट्रस्टची माणसं विचारायला आली तेव्हा मला वाटलं, आता झालं, हे नाही म्हणणार. पण दादा म्हणाले, "गाडी माझ्या हाताखालची आहे. तिचं मी करतो. पुढे तिच्यात काय चालणार ते मला सांगू नका."

ट्रस्टच्या डॉक्टरीणबाई तुकोगंजातून गाडी बघायला आल्या. सरळ बोलणाऱ्या, मला आवडणाऱ्या आणि मला धाक वाटणाऱ्या. त्यांनी दोनच अटी घातल्या. भिंती धुता आल्या पाहिजेत, आणि बाहेरून कितीही पाणी पडलं तरी थेंब आत येता कामा नये. "दसऱ्याला मी येईन, पाणी मारून बघेन," त्या म्हणाल्या. "आत आलं तर नाही म्हणेन. ट्रस्टला वर्षभर गाडी सांभाळत बसायला जमणार नाही, ते विकून टाकतील."

घरात आणखी एक टांगती तलवार होती, भिंतीवरच्या दोन सोडून. ग्वाल्हेरचं एक स्थळ होतं. मुलगा सेक्रेटरिएटात कारकून, माणसं चांगली, फक्त सुनेने नर्सिंग करायचं नाही एवढंच त्यांचं म्हणणं. दादांनी त्यांना दसऱ्यानंतर कळवतो असं लिहिलं होतं. म्हणजे दसऱ्याला गाडी पास झाली तर मी सांवेरला, नाही तर ग्वाल्हेरला. मी ग्वाल्हेरचं नावसुद्धा ऐकून घेत नसे.

पहिला प्रश्न पत्र्याचा. सियागंजात लोखंडी पत्रा हवा तेवढा होता, पण तो लावला असता तर नाकापेक्षा मोती जड. जीपने ती गाडी ओढलीच नसती. दादा म्हणाले, ॲल्युमिनियम पाहिजे. आई म्हणाली, "म्हणजे जर्मन? आपल्या पातेल्यांचं?" आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणत आणि त्याची पत फारशी नव्हती. पाहुणे आले की ती पातेली मागे सरकवायची.

म्हणून आम्ही आधी बर्तन बाजारात गेलो. तिथल्या कारखानदाराने आम्हाला मागे नेऊन माल दाखवला. सगळ्या गोल चकत्या. पातेल्याला चकतीच लागते, ती साच्यावर फिरवून पातेलं काढतात, त्याला चौकोनी पत्र्याचं काम काय? मी म्हटलं, चकत्याच लावू या, गाडी माशासारखी दिसेल. दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजार संपेपर्यंत गप्प राहिले.

शेवटी कुणीतरी महूचं नाव काढलं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर छावणीतला पुष्कळ माल डिस्पोजलला, म्हणजे विक्रीला, निघाला होता आणि तो घेतलेला एक भंगारवाला अजून तो विकत होता. दादा निघाले तेव्हा मीही बरोबर निघाले. "तुझं काय काम?" म्हणाले. "पत्रा धरायला," मी म्हटलं.

भंगारवाल्याच्या आवारात मोटारींचे सांगाडे, लोखंडी पलंग, फाटक्या ताडपत्र्या आणि एका कोपऱ्यात कोंबड्या. कोंबड्यांच्या खुराड्यावर पांढरट पत्रा होता. दादांनी त्यावर नख मारलं आणि थांबले.

"ये और है?" त्यांनी विचारलं.

"है नी भिया, बहुत है. पलटन के बैरक की चद्दर है. इतनी हल्की कि ये बाई उठा ले."

दादांना कुणी भिया, म्हणजे भैया, म्हटलेलं खपत नसे. ते रागाने तोंड उघडणार तोवर मी एक पत्रा उचलून डोक्यावर धरला होता. खरंच हलका होता. दादांनी राग गिळला आणि पत्रे एकेक करून उन्हात धरायला लावले. काठाकाठाने खिळ्यांची जुनी भोकं होती. ज्याच्या मधोमध भोक दिसे, किंवा ज्यातून सुईच्या टोकाएवढंही ऊन येई, तो बाजूला. असे पत्रे निवडता निवडता दुपार टळली. शेवटी दोन कमी पडले, तेव्हा भंगारवाल्याने कोंबड्या हाकलून खुराड्यावरचेसुद्धा काढून दिले. ते सगळे आईच्या जुन्या गोधड्यांत गुंडाळून आम्ही बसच्या टपावर चढवले. महू ते इंदूर ते असे वाजत आले की वाटेत राऊला लोक बघायला उभे राहिले.

काम सुरू झालं तेव्हा दादांनी त्यांच्या जुन्या मिस्त्रीला बोलावलं. तो मालवी सुतार, दादांपेक्षा वयाने मोठा, पण त्यांना साबच म्हणायचा. दोघांनी सागवानी फासळ्या नव्या घातल्या आणि पत्रे खालून वर लावत गेले. खालचा पत्रा आधी, वरच्याचा काठ त्यावर चार बोटं, घराच्या कौलांचा असतो तसा. जुनी भोकं सगळी त्या चार बोटांत झाकली गेली. मधे जवसाच्या तेलात आणि सफेद्यात भिजवलेली कापडाची पट्टी. एवढं सगळं दादांच्या वहीत आधी काढलेलं होतं. मी शेजारी बसून पट्ट्या भिजवायची आणि ते मला 'इकडे दे', 'तिकडे दे' याखेरीज काही बोलायचे नाहीत. पण हाकलून लावत नव्हते, हे मी धरून ठेवलं होतं.

पत्रा बसवायचा कशाने यावर मिस्त्री आणि दादांचं वाजलं. दादांच्या ट्रंकेत मोटारखान्याच्या काळातले पितळी स्क्रू होते, गोल डोक्याचे. मिस्त्री म्हणाला, "साब, हर पेच के नीचे साइकिल की ट्यूब का वायसर दे दो. पानी नी जाएगा." दादा म्हणाले, "सरकारी गाडीला रबर दिसेल? काय बोलतोस!" सरकारी म्हणजे महाराजांची. महाराज जाऊन गाडी दवाखान्याची झाली होती, पण दादांच्या मनात ती शिकारखान्यातच उभी होती. वायसर लागले नाहीत. पितळी स्क्रू मात्र लागले, आणि काय लागले! प्रत्येकाची खाच उभी. एकही आडवी किंवा तिरपी नाही. स्क्रू घट्ट बसून खाच तिरपी राहिली तर दादा तो काढून दुसरा लावायचे. गाडीच्या अंगावर ओळीने पिवळे ठिपके उमटले, आणि मला कबूल करावं लागलं की जर्मनच्या पत्र्याला असं रूप आलेलं मी पाहिलं नव्हतं.

अष्टमीला सगळं पुरं झालं. दादांनी घरीच पाणी मारून पाहिलं, थेंब आत नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, तिसऱ्या दिवशी दसरा आणि डॉक्टरीणबाई. मी इतकी हलकी झाले होते की काय करू आणि काय नको असं झालं. आणि त्याच भरात मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातलं सगळं पितळ घासून लख्ख करतात. आई चिंच कोळून त्यात मीठ घालून बसली होती. समया झाल्या, घंटा झाली, तलवारींच्या मुठी झाल्या, आणि पातेलंभर चिंच उरली. बाहेर पाहते तर स्क्रूंवर तेलाचे हात लागून ते काळवंडलेले. म्हटलं, पितळ ते पितळ. पातेलं उचललं आणि फाटकाकडची अख्खी बाजू आणि मागची बाजू, एकेक स्क्रू, चोथ्याने रगडून घासला. सोन्यासारखे झाले. वरून दोन तांबे पाणी मारलं आणि दादांना उद्या दिसेल तेव्हा ते काय म्हणतील याचा विचार करत झोपायला गेले.

सकाळी नैवेद्याचं ताट घेऊन मी बाहेर आले तेव्हा दादा गाडीसमोर नुसते उभे होते. प्रत्येक स्क्रूच्या खाली पत्र्यावर एक काळा ओघळ उतरला होता, आणि डोक्याभोवती पांढरी भुकटी फुगून आली होती. एक नाही, दोन नाही, घासले होते तेवढे सगळे. दादांनी एका स्क्रूच्या कडेला नख लावलं. पत्रा चुरचुरला.

मिस्त्री आला आणि त्याने बघूनच कपाळाला हात लावला. चिंच आणि मिठाचं पाणी स्क्रूच्या डोक्याखाली शिरून बसलं होतं, आणि पितळ आणि जर्मन शेजारीशेजारी असताना असं पाणी मधे मुरलं की जर्मन खाल्लं जातं. आईला हे स्वयंपाकघरात ठाऊक होतं, चिंचेची आमटी जर्मनच्या पातेल्यात कुणी ठेवत नाही. मलाही ठाऊक होतं. नर्सिंगमध्ये पहिली आलेली मी, आणि एवढं डोक्यात आलं नाही. भोकं अजून मोठी झाली नव्हती, पण ते सगळे स्क्रू काढून, आतला भाग धुऊन, पुन्हा लावल्याखेरीज गत्यंतर नव्हतं. उद्या सकाळी डॉक्टरीणबाई पाणी मारणार होत्या. आणि आज खंडेनवमी होती.

हे ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगायला हवं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते आणि पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. आमच्याकडे तलवारी मांडल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी दादांची हत्यारं: हातोडी, पक्कड, गिरमीट, आणि ज्याने ते सगळे स्क्रू लावले होते तो लाकडी मुठीचा पेचकस. त्यावर झेंडूचं फूल आणि कुंकू. पूजा पहाटेच झाली होती. दादांनी आयुष्यात त्या दिवशी हत्यार उचललं नव्हतं. महाराजांची मोटार खंडेनवमीला बंद पडली होती तेव्हाही नाही, ही गोष्ट ते दरवर्षी सांगत.

मिस्त्रीने हात जोडले. "आज औजार को हाथ नी लगाऊंगा साब. माफ करना." त्याचं काय चुकलं?

मी ताट खाली ठेवलं आणि रडायला लागले. लाजही वाटली नाही. मी म्हटलं, "दादा, ग्वाल्हेरला लिहून टाका." हे बोलून मला स्वतःचाच राग आला, आणि मी आणखी रडले.

दादा आत गेले. मला वाटलं, तलवारींखाली जाऊन बसले. आई त्यांच्या मागे गेली आणि लगेच बाहेर आली, तोंडाला पदर लावून. मागोमाग दादा आले. त्यांच्या हातात पेचकस होता. मुठीवर अजून कुंकू होतं.

"रडून स्क्रू निघत नाहीत," ते म्हणाले. "बादली आण. आणि फूल देवापाशी ठेव, पडलं असेल तिथे."

मी फूल उचलून ठेवलं. ते शब्द मी इतक्या वर्षांत विसरले नाही आणि त्यांनीही पुढे कधी ती मोटारीची गोष्ट सांगितली नाही.

स्क्रू निघायला लागले तसं दुसरं संकट दिसलं. हेच परत लावले तर हेच परत होणार; आज चिंच नसली तरी गाडी रोज धुवायची होती. जर्मनचे स्क्रू कुठे मिळतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा आई म्हणाली, "अहो, पितळेच्या पातेल्यात आंबट कळकतं म्हणून आपण कल्हई करतो. मग यांना करा की."

दादा हसले. "स्क्रूला कल्हई! लोक काय म्हणतील." मग हसणं थांबलं. मग म्हणाले, "नाक्यावरचे कल्हईवाले चाचा बसलेत का बघ."

चाचा बसले होते. त्यांना बोलावलं तेव्हा त्यांनी मूठभर स्क्रू हातात घेऊन उलटेसुलटे केले. "भाभीजी, ज़िंदगी में पहली बार," आईला म्हणाले. पण भट्टी पेटवून भाता मारायला घेतला. कढईत स्क्रू तापवले, नवसागर टाकला, धूर झाला, कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने सगळे हलवून घेतले. पिवळे स्क्रू बघता बघता पांढरे झाले. दादांनी ते तीन वेळा कढत पाण्यात धुवायला लावले, नवसागर राहिला तर चिंचेपेक्षा वाईट म्हणाले. खाचांत कथील भरलं होतं ते आईने ओसरीवर बसून गोधडीच्या दाभणाने एकेक करून काढलं. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापले. मिस्त्री हत्याराला हात लावत नव्हता, पण ट्यूब त्याने ताणून धरली; ट्यूब काही हत्यार नव्हे असं त्याने स्वतःच ठरवलं.

दुपारभर दादा पत्र्यातल्या एकेका भोकाचं तोंड कोमट पाण्याने धूत होते आणि स्क्रू बसवत होते. मी वायसर घालून हातात देत होते. मागच्या बाजूला आलो तेव्हा त्यांचं मनगट दुखायला लागलं होतं. पेचकस दोनदा घसरला. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं."

"घासलंस तू," ते म्हणाले. "पण पितळ लावलं मी. मिस्त्री सांगत होता." मग त्यांनी पेचकस उलटा करून मूठ माझ्याकडे केली. "घे. तुझ्याच गाडीचं आहे."

तोवर ती सरकारी गाडी होती, ट्रस्टची गाडी होती, शिकारखान्याची गाडी होती. माझी पहिल्यांदा झाली. मी मागच्या बाजूचे सगळे स्क्रू लावले, सगळ्या खाचा उभ्या. दोन तिरप्या राहिल्या त्या त्यांनी मला परत काढायला लावल्या. दिवेलागणीला हात धुतले तेव्हा माझ्या तळहाताला फोड आले होते आणि ते मला दागिन्यासारखे वाटत होते.

दसऱ्याला डॉक्टरीणबाई आल्या त्या दोन माणसं आणि आठ बादल्या घेऊन. आत कोण बसणार, ओल कोण बघणार? दादा म्हणाले, मी. गाडीतल्या जमिनीवर त्यांनी आपलं एक धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं, म्हणजे थेंब पडला तर दिसेल, आणि दार लावून घेतलं. बाहेर पाणी सुरू झालं. खालून, वरून, सांध्यांवर नेम धरून, बादल्यांवर बादल्या. विहिरीवर रांग लागली. बाई घड्याळ बघत होत्या आणि थांबा म्हणत नव्हत्या. आई पदराचं टोक चावत होती.

शेवटी दार उघडलं. दादा बाहेर आले ते चिंब भिजलेले. सदऱ्यातून पाणी निथळत होतं, मिशी खाली आली होती. बाई आत वाकल्या. धोतराच्या मधोमध ओला डाग, चांगला पाटाएवढा. मी डोळे मिटले. ग्वाल्हेरचं स्टेशनसुद्धा मला दिसलं.

बाई मात्र भिंतींवरून हात फिरवत होत्या. एक बाजू, दुसरी बाजू, सगळे कोपरे, छत. मग त्यांनी धोतर उचलून त्याच्या कडा पाहिल्या. "भिंती कोरड्या आहेत," त्या म्हणाल्या. "मग हे काय?"

"घाम," दादा म्हणाले. "आत भट्टी आहे, बाईसाहेब. जीव जातो."

आई आधी हसली, मग मिस्त्री, मग आम्ही सगळेच. मला हसू थांबेना आणि हसता हसता मी गाडीच्या चाकाला धरून खाली बसले. पाणी आत आलं नव्हतं. एक थेंब नाही. माझ्या हातून लागलेले स्क्रू, आणि एक थेंब नाही. असं सुटल्यासारखं मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

"फोरमनसाहेब, गाडी मला चालेल," बाई म्हणाल्या. "पण अडलेली बाई या भट्टीत नाही ठेवता येणार. दोन्ही बाजूंना खिडकी काढा."

इतकं सगळं करून पत्रा कापायचा! मला वाटलं, दादा आता भडकतील. ते म्हणाले, "हो, बरोबर आहे. आत बसल्यावर मलाही कळलं." आणि संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर आईला म्हणाले, "ग्वाल्हेरला कळवून टाकतो. मुलगी नोकरीत आहे."

त्या आठवड्यात खिडक्या निघाल्या आणि न घासलेल्या बाजूचे स्क्रूही कल्हई करून, वायसर घालून लागले. कापलेल्या एका तुकड्याला दादांनी ठोकून ठोकून खोलगट केलं, काठ वळवले, चार कोपऱ्यांना कड्या लावल्या. कशासाठी ते सांगितलं नाही. मला देताना एवढंच म्हणाले, "काट्याला टांगता येईल." पोर तोलायचं पारडं होतं ते. मी आत मऊ फडकं अंथरून ते गाडीत टांगलं. पण मडगार्डवर त्यांनी काही लिहिलं नाही. बाईंनी पास केली होती, दादांनी नाही. मी विचारलं नाही, विचारायची छाती नव्हती.

मग मी जायला लागले. गाडी आमच्याच अंगणात उभी राहायची. जीप सकाळी यायची, जोडून न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. मी उतरले की दादांचा एकच प्रश्न असे.

"गळलं का?"

"नाही, दादा."

पाऊस नसला तरी हाच प्रश्न. थंडीत, धुळीत, भर उन्हाळ्यात. आई म्हणायची, "काय हे, आभाळात ढग नाही आणि गळलं का, गळलं का!" मला कळलं होतं, ते पाण्याचं नाही, गाडीतल्या कामाचं विचारतात, पण मीही तेवढंच उत्तर देत असे. बाया गाडीत तपासून घ्यायच्या, गोळ्या घ्यायच्या, जखमा बांधून घ्यायच्या, पण बाळंतपणाला मात्र घरचीच अंधारी खोली. कुणाच्या गाडीत कोण बाळंत होणार? मी त्यांना दोष देत नाही. मला फक्त उदास वाटायचं.

एका दिवशी सांवेरच्या अलीकडच्या एका गावात एक पोरगी आली, पहिलटकरीण, सासू बरोबर. वेळ झालेली होती आणि घर दोन कोस दूर. सासू गाडीच्या दाराशी अडून उभी राहिली, मग खिडकीतून वारा आत येतो ते पाहिलं आणि म्हणाली, "हवा तो आवे है." दुपारी सव्वादोनला मुलगी झाली. रडली ती अशी की पत्रा दणाणला. मी तिला दादांच्या पारड्यात ठेवून काट्याला टांगलं. सव्वासहा पौंड.

घरी आले तेव्हा दादा नेहमीच्या जागी बसले होते.

"गळलं का?"

"नाही, दादा." मी पायरीवर बसले. "आज गाडीत बाळंतपण झालं. मुलगी. पारड्यात ठेवली तेव्हा मुठी आवळून झोपून गेली."

त्यांनी विचारलं, "आई बरी आहे तिची?"

"बरी आहे."

ते उठले, चपला घातल्या आणि अंगणात गेले. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूच्या, माझ्या हातच्या स्क्रूंवरून बोट फिरवलं. मग खिशात हात घालून खडू काढला. वाकायला त्यांना वेळ लागला. मडगार्डवर मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: पास.

दुसऱ्या दिवशी जीपचा ड्रायव्हर गाडी धुवायला आला, तेव्हा मी त्याला तेवढं मडगार्ड सोडून बाकीची धुवायला सांगितलं.